घुसळू नका, निवळू द्या : धुलाईच्या पाण्यातून तेल आणि गाळ काढण्याची रीत

यंत्रांचे भाग, गाड्या, ड्रम, वर्कशॉपची फरशी, काहीही धुतलं की खाली वाहणाऱ्या पाण्यात तीन प्रकारची घाण असते. एक बुडणारी, एक तरंगणारी, आणि एक धड बुडतही नाही की धड तरंगतही नाही अशी. पहिल्या दोन पाणी स्वतःच वेगळ्या करतं, त्याला फक्त वेळ आणि संथपणा लागतो. तिसरी घाण बहुतेक वेळा आपणच तयार केलेली असते : चुकीचा साबण, नको तिथे लावलेला पंप, नको तितकं प्रेशर. आणि सगळा खर्च होतो तो या तिसरीवरच. त्यामुळे खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. केमिकल आणि फिल्टर शेवटी येतात, कितीही घाई असली तरी.

पहिली पायरी : बाटली भरा

रुंद तोंडाच्या, एक लिटरच्या तीन काचेच्या बाटल्या घ्या. एक धुलाई ऐन जोरात असताना भरा, दुसरी साबण मारल्यानंतर वाहणाऱ्या पाण्याची, तिसरी काम आवरताना. लेबलवर वेळ लिहा, बाटल्या खिडकीत ठेवा आणि हात लावू नका. पाच मिनिटांनी बघा, अर्ध्या तासाने बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बघा. बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का तेही टिपून ठेवा.

पाच मिनिटांत तळाला जो थर बसतो ती वाळू, लोखंडाचा कीस, मातीचे जाड कण. अर्ध्या तासात वर जो तवंग येतो ते सुटं तेल. या दोन्हींसाठी साधा हौद पुरतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी आणखी निवळलं असेल, तर तेलाचे थेंब बारीक आहेत पण सुटे आहेत. त्यांना मोठा हौद किंवा प्लेटांचा सेपरेटर (तेल आणि पाणी वेगळं करणारं यंत्र) लागेल. मात्र २४ तासांनीही पाणी दुधाळ-करडं दिसत असेल आणि मागची अक्षरं दिसत नसतील, तर ते इमल्शन आहे, म्हणजे तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात अडकून बसलेत. कितीही मोठा हौद बांधला तरी ते फुटणार नाही.

आणखी एक शक्यता असते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण रंगीत असतं किंवा त्याला वास येतो. रेडिएटरमधलं ग्लायकॉल, काही सॉल्व्हंट, साबण स्वतः, हे पाण्यात विरघळलेलं असतं. विरघळलेल्या गोष्टी या लेखातल्या कुठल्याच हौदात अडकत नाहीत. त्यांचं पाणी मुळातच वेगळं ठेवावं लागतं.

तीनही बाटल्या सारख्या दिसल्या तर प्रश्न सोपा आहे. माझ्या अनुभवात त्या सहसा सारख्या दिसत नाहीत. साबणाची बाटली दुधाळ आणि बाकीच्या दोन निवळलेल्या असं चित्र असेल, तर सगळ्या पाण्यावर प्रक्रिया करायची गरजच नाही. ते साबणाचं पाणी एका वेगळ्या टाकीत वळवा, निम्मं काम संपलं.

दुसरी पायरी : पाणी मोजा

रोजचं एकूण पाणी किती, हा आकडा हौदाच्या कामाचा नाही. सगळे नळ, सगळ्या गन एकाच वेळी चालू असतात तेव्हा ताशी किती पाणी येतं, तो आकडा हवा. गटाराच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे ताशी १.८ घनमीटर. पुढचं सगळं गणित मी याच आकड्यावर करून दाखवतो.

उघड्या जागेवर धुलाई होत असेल तर पावसाचं पाणी याच गटारात येतं का ते पाहा. येत असेल तर ते आधी तोडा. वर छप्पर घाला, कडेने उंबरा बांधा, उतार बदला, काहीही करा. एका जोरदार सरीत हौदातलं महिन्याभराचं तेल बाहेर निघून जातं, आणि मग लोक सेपरेटरला नावं ठेवतात.

तिसरी पायरी : घाण पाण्यात जाण्याआधीच उचला

ही पायरी कोणालाच आवडत नाही, कारण तिच्यात दाखवण्यासारखं यंत्र नसतं. ग्रीसचा जाड थर आधी खरवडून काढा, कीस कोरडाच झाडा, ठिबकणाऱ्या भागांखाली ट्रे ठेवा. पाण्यात मिसळलेलं ग्रॅमभर ग्रीस काढायला जे कष्ट पडतात, त्याच्या शतांशात ते पत्र्याच्या पट्टीने निघतं.

मशीन शॉपमधलं कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल, या गटारात अजिबात येऊ देऊ नका. ते बनवतानाच असं बनवलेलं असतं की महिनोन् महिने फुटू नये. कूलंटची एक बादली अख्ख्या हौदातलं पाणी दुधाळ करू शकते.

साबणाचंही तसंच. बहुतेक डिटर्जंट तेलाला बारीक थेंबांत पकडून ठेवतात, कारण धुलाईसाठी तेच हवं असतं. पण असेही क्लीनर मिळतात जे घाण सोडवतात आणि पाणी संथ झालं की तेलाला पुन्हा सोडून देतात. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. आपल्या वापराइतका साबण बाटलीभर पाण्यात घाला, त्यात दोन चमचे वापरलेलं तेल टाका, अर्धा मिनिट जोरात हलवा आणि ठेवून द्या. तासाभरात तेल वर आलं तर तो साबण घ्या. दुसऱ्या दिवशीही पाणी पांढरंच असेल तर डबा परत करा. पाच साबणांची अशी परीक्षा एका दुपारी होते.

पाण्याचं प्रेशर आणि उष्णता यांचाही वाटा असतोच. गरम पाण्याने घाण लवकर निघते आणि गरम पाण्यात तेल वरही लवकर येतं, कारण ५० अंशांना पाण्याचा दाटपणा २० अंशांच्या मानाने जवळपास निम्मा होतो. पण गरम पाणी, जास्त प्रेशर आणि कडक साबण हे तिघे एकत्र आले की पक्कं इमल्शन तयार होतं. तिघांपैकी एकाला तरी आवरा.

चौथी पायरी : आधी गाळ

तेलाच्या हौदाआधी गाळाची कुंडी हवीच. लोक ती वगळतात, मग तेलाच्या हौदाच्या तळाशी काळा, चिकट साका साचतो. कणांवर तेलाचा लेप बसलेला असतो, त्यामुळे जड कण आणि हलकं तेल मिळून नेमके पाण्याइतक्या वजनाचे गोळे होतात. ते तवंगाच्या खाली अधांतरी लोंबकळत राहतात, ना वरून निघतात ना खालून.

१०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला दोन-अडीच मिनिटं घेतो. १० मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला तीन तास घेतो. म्हणून या कुंडीकडून बारीक चिखलाची अपेक्षा ठेवायची नाही. तिने वाळू, खडी, कीस अडवावं, बस्स. पाच ते दहा मिनिटांचं पाणी मावेल एवढी कुंडी पुरते; आपल्या उदाहरणात १५० ते ३०० लिटर. तोंडाशी जाळी, त्यात चिंध्या, पानं, प्लास्टिकचे तुकडे अडकतील. तळाला एका बाजूला उतार द्या, म्हणजे फावडं एका कोपऱ्यात नीट चालतं. आणि कुंडी माणसाच्या हाताला पोचेल अशी ठेवा. झाकण उचलायला दोघे लागत असतील तर ती कधीच साफ होणार नाही, हे लिहून ठेवा.

पाचवी पायरी : तेलाचा हौद

इथे थोडा वेळ थांबू, कारण खरं काम इथेच होतं.

तेलाचा थेंब पाण्यात किती वेगाने वर येतो हे १८५१ मध्ये स्टोक्सने मांडलेल्या नियमावरून काढता येतं. व्यवहारात लक्षात ठेवायची गोष्ट एकच : वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. थेंब निम्मा झाला की वेग चौथाई होतो. पाण्याच्या ०.९ पट जड असलेलं तेल घेतलं, २० अंशांचं पाणी घेतलं, तर १५० मायक्रॉनचा थेंब मीटरभर वर यायला साधारण १४ मिनिटं लागतात. ६० मायक्रॉनच्या थेंबाला दीड तासाच्या आत-बाहेर. २० मायक्रॉनच्याला १३ तास. आणि ५ मायक्रॉनच्याला आठ दिवसांहून जास्त. हे आकडे एकदा डोळ्यांसमोर आले की थेंब न फोडण्याचा एवढा आग्रह का धरायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता हौदाचं माप. बहुतेकांना वाटतं हौद जितका खोल तितका चांगला. तसं नाही. खोली दुप्पट केली तर पाणी हौदात दुप्पट वेळ थांबतं खरं, पण थेंबालाही दुप्पट उंची चढावी लागते; फायदा शून्य. कामाला येतं ते पाण्याच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ. ताशी पाणी भागिले थेंबाचा ताशी वेग, एवढंच ते गणित. आपले ताशी १.८ घनमीटर, आणि ६० मायक्रॉनचा थेंब ताशी ०.७ मीटर चढतो. भागाकार येतो २.६ चौरस मीटर. पण खऱ्या हौदात पाणी एकसारखं सरकत नाही, कोपऱ्यांत भोवरे असतात, कुठे पाणी आडवाटेने पळतं. म्हणून दीडपट धरा : ४ चौरस मीटर. ९० सेंटीमीटर रुंद, साडेचार मीटर लांब, पाण्याची खोली मीटरभर. लांबट हौद चौकोनी हौदापेक्षा केव्हाही बरा. लांबी रुंदीच्या पाचपट ठेवता आली तर उत्तम.

पाणी आत येताना धबधब्यासारखं पडता कामा नये. आत येणारा पाइप पृष्ठाखाली न्या, त्याच्यासमोर भोकांची पट्टी लावा, म्हणजे जोर मोडतो आणि पाणी रुंदीभर पसरतं. बाहेर पडण्याच्या टोकाला आडभिंत, जी वरून पाण्याबाहेर असते आणि तळाशी मोकळी. तेल वर अडतं, पाणी खालून पलीकडे जातं आणि काठावरून सांडतं.

साचलेलं तेल आपोआप सांडावं म्हणून काही जण तेलासाठी दुसरा काठ ठेवतात. त्यात एक गंमत आहे. तेल हलकं असल्याने त्याचा थर पाण्याच्या पातळीच्या थोडा वर उभा राहतो. ०.९ घनतेच्या तेलाचा १०० मिलिमीटर थर फक्त १० मिलिमीटर वर येतो. म्हणजे तेलाचा काठ पाण्याच्या काठापेक्षा १० मिमी उंच ठेवला, तर १०० मिमी तेल साचल्यावर ते सांडायला लागेल. एका मिलिमीटरची चूक म्हणजे तेलात एका सेंटीमीटरचा फरक! शिवाय आपल्या ताशी १.८ घनमीटर प्रवाहात, ९० सेंमी लांबीच्या काठावर पाणी स्वतःच चार-पाच मिमी चढतं. म्हणून पक्का बांधलेला काठ मला पसंत नाही. वर-खाली सरकवता येणारी पट्टी लावा, किंवा आडवा, वरून चिरलेला पाइप बसवा, जो फिरवला की चीर तवंगात उतरते. आणि सगळे काठ पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हलला आणा, नजरेने नको.

एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती वेगळी लिहितो. हौद साफ करून रिकामा केला की त्यात आधी स्वच्छ पाणी काठोकाठ भरा आणि मगच धुलाई सुरू करा. रिकाम्या हौदात तेलकट पाणी सोडलं तर आडभिंतीच्या खालचं टोक उघडं असतं. तेल सरळ पलीकडे जातं आणि चांगल्या पाण्याच्या बाजूला तवंग बनून बसतं. मग पाणी आणि तेल दोन्ही तिथूनच बाहेर पडतं आणि हौद बिघडला असं सगळे म्हणतात.

जागा कमी असेल तर तिरक्या प्लेटांचा सेपरेटर घ्या. एकावर एक रचलेल्या प्लेटांमध्ये थेंबाला मीटरभर चढायचं नसतं, एक-दोन सेंटीमीटर चढलं की वरची प्लेट लागते. तिथे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि प्लेटेच्या उताराने वर सरकतात. प्लेटा ४५ ते ६० अंशांत हव्यात, कारण कमी तिरकेपणात गाळ घसरत नाही. प्लेटांमधलं अंतर जितकं कमी तितकी जागा वाचते, पण तितक्याच लवकर ती चोंदते. गाळाची कुंडी न बांधता थेट प्लेटा बसवणाऱ्यांना महिन्याभरात हे कळतंच.

पंप कुठे लावायचा

एका ठिकाणी मला नव्या सेपरेटरची तक्रार म्हणून बोलावलं होतं. यंत्र चांगलं होतं, माप बरोबर होतं, आणि बाहेर पडणारं पाणी करडं. मी दोन बाटल्या भरल्या : एक खड्ड्यातून, पंपाच्या आधी, एक पंपानंतर, सेपरेटरच्या तोंडाशी. अर्ध्या तासाने पहिलीत बोटभर काळा तवंग आणि खाली बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. दुसरीत वरपासून खालपर्यंत एकच करडा रंग. मध्ये फक्त एक सेंट्रिफ्यूगल पंप होता, तो जोरात फिरत होता आणि अर्धवट बंद केलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी ढकलत होता. पंप बदलला, बाकी काही नाही; आठवड्याभरात तक्रार मिटली.

जमेल तिथे पाणी उताराने सेपरेटरमध्ये जाऊ द्या आणि पंप नंतर ठेवा. उतार मिळत नसेल तर हळू चालणारा डायफ्राम पंप किंवा स्क्रू पंप वापरा. पाइप मोठा घ्या, वळणं कमी ठेवा आणि व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करू नका. फ्लोटवर चालू-बंद होणारा मोठा पंप पाच मिनिटांत सगळं पाणी ढकलतो. त्याच्यापेक्षा सतत हळूहळू चालणारा लहान पंप हजार पटीने बरा.

तवंग काढणं

तेलाचा थर किती आहे हे बघायला दोन सेंटीमीटर व्यासाची पारदर्शक नळी पुरते. ती उभी, सावकाश पाण्यात सोडा, वरच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि वर काढा. नळीत तेलाचा थर पट्टीने मोजता येतो. तळाच्या साक्यासाठी काठीला पांढरं फडकं गुंडाळून खाली टेकवा. किती उंचीपर्यंत काळं झालं ते पाहा. साका पाण्याच्या खोलीच्या पाव भागापर्यंत आला की उपसा.

पट्ट्याचा स्किमर हे माझं आवडतं साधन आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. पट्टा तवंगातून फिरतो, तेल त्याला चिकटतं, वर खरवडणी ते पन्हाळीत सोडते. फक्त तो दिवसभर चालू ठेवू नका. तेल संपलं की पट्टा पाणीच उचलायला लागतो आणि तुमच्या ड्रममध्ये तेलाऐवजी पाणी भरतं. टायमर लावा; धुलाई थांबल्यावर तासाभराने चालू, तेल विरळ झालं की बंद.

पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसले की लोक घाबरतात. तो थर मायक्रॉनच्या हिशेबात असतो. एक लिटर तेल एक मायक्रॉन जाडीने पसरलं तर हजार चौरस मीटर झाकतं. रंग दिसणं ही खूण म्हणून घ्या, मोजमाप म्हणून नको.

सहावी पायरी : जे फुटत नाही ते फोडणं

आता उरलं दुधाळ पाणी. त्यातल्या बारीक थेंबांवर साबणामुळे सहसा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि मोठे होत नाहीत. तुरटी, फेरिक क्लोराइड किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड यांतला धनभार तो मारतो. मग थेंब आणि कण एकत्र येऊन गुठळ्या होतात.

कमी पाणी असेल तर हे काम वाहत्या पाण्यात करू नका. दोन घनमीटरची एक टाकी ठेवा, भरा, औषध घाला, निवळू द्या, काढा. चूक झाली तर सुधारायला वाव मिळतो.

मात्रा किती ते पाणीच सांगतं, त्यासाठी जारची चाचणी करा. १० ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर द्रावण करा. या द्रावणाचा १ मिलिलिटर एक लिटर नमुन्यात घातला की मात्रा होते लिटरला १० मिलिग्रॅम. सहा जारमध्ये एकेक लिटर तेच पाणी घ्या, भरण्याआधी नीट ढवळलेलं, आणि त्यांत अनुक्रमे ५, १०, २०, ३०, ४० आणि ६० मिलिलिटर घाला. एक मिनिट जोरात ढवळा. मग पंधरा-वीस मिनिटं इतकं हळू की गुठळ्या तुटू नयेत, मिनिटाला तीसेक फेऱ्या. मग अर्धा तास हात लावू नका.

बघण्यासारखं दृश्य असतं. पहिल्या जारमध्ये काहीच घडत नाही. दुसऱ्यात करडेपणा जरा फाटल्यासारखा वाटतो. तिसऱ्या-चौथ्यात अचानक कणी धरते, कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखी, आणि पुंजक्यांच्या मधलं पाणी स्वच्छ दिसायला लागतं. सहाव्यात बऱ्याचदा पुन्हा गढूळ, कारण मात्रा जास्त झाली की भार उलटा होतो आणि थेंब पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. जास्त औषध म्हणजे जास्त स्वच्छ पाणी असं नसतं. ज्या सगळ्यात कमी मात्रेत पाणी नीट निवळतं ती निवडा.

समजा चौथा जारच नव्हे, तिसराच छान निवळला. म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम. दोन घनमीटरच्या टाकीला ४०० ग्रॅम तुरटी. ती कोरडी टाकू नका, चार लिटर पाण्यात विरघळवून हळूहळू ओता.

प्रत्येक जारचा पीएच मोजा. तुरटी पाण्याला आम्ल करते, आणि तिचं काम पीएच साधारण ६ ते ७.५ मध्ये चांगलं चालतं. खाली गेला तर चुन्याची निवळी किंवा कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून वर आणा. धुलाईचा साबण अल्कली असेल तर उलट होईल, पीएच ९-१० वर असेल आणि तुरटी नुसतीच खर्च होत राहील. अशा वेळी आधी पीएच उतरवा. गुठळ्या फार बारीक राहिल्या तर शेवटी पॉलिमर, म्हणजे गुठळ्या एकत्र बांधणारं लांब साखळ्यांचं रसायन : एक ग्रॅम एका लिटर पाण्यात, मग त्याचा १ मिलिलिटर लिटरला म्हणजे १ मिलिग्रॅम. बहुधा एक ते पाच मिलिग्रॅममध्ये भागतं. पॉलिमर पाण्यात भिजायला निदान अर्धा तास द्या आणि तो जोरात फिरवू नका, त्याच्या लांब साखळ्या तुटतात.

टाकी बांधताना एक गोष्ट आधीच करा : नळ एकाच उंचीवर ठेवू नका. गुठळीत तेल जास्त असेल तर ती तरंगते, माती जास्त असेल तर बुडते, आणि कधी अर्ध्या वर अर्ध्या खाली. तळाला एक, मध्ये दोन वेगवेगळ्या उंचीवर, असे नळ असले की स्वच्छ पाणी जिथे असेल तिथून काढता येतं.

पक्क्या इमल्शनसाठी आम्लाचा मार्गही आहे. पीएच २-३ पर्यंत उतरवला, पाणी थोडं तापवलं की तेल सुटून वर येतं. मग चुन्याने उदासीन करायचं. पण त्याला आम्ल सोसणारी टाकी, माणसं आणि शिस्त लागते. लहान जागी मी तो सुचवत नाही.

पाणी भरपूर आणि सतत येत असेल तर विरघळलेल्या हवेने तरंगवण्याची पद्धत, डीएएफ, विचारात घ्या. ४ ते ६ बार दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी टाकीत सोडलं की ३० ते १०० मायक्रॉनचे बुडबुडे सुटतात, गुठळ्यांना चिकटतात आणि त्यांना वर नेतात. कणी नीट धरली नसेल तर डीएएफ काहीही करत नाही, म्हणून जारची चाचणी इथेही टळत नाही.

फिल्टर

वाळूचा फिल्टर, बॅग, कार्ट्रिज हे सगळं निवळलेल्या पाण्यासाठी. तेलकट पाणी वाळूवर सोडलं तर वाळूचे चिकट गोळे होतात आणि उलट्या पाण्यानेही ते सुटत नाहीत. कार्बनचंही (शोषून घेणाऱ्या कोळशाचंही) तेच, तेल त्याची छिद्रं बुजवतं. कार्बनआधी ऑर्गॅनोक्ले, म्हणजे तेल धरणारी खास माती, ठेवली तर ती उरलंसुरलं तेल धरते. अल्ट्राफिल्ट्रेशनची, म्हणजे अतिबारीक छिद्रांची, पटलं इमल्शन छान अडवतात, पण सुटं तेल आणि फेस मारायला घातलेलं सिलिकॉन त्यांना सोसत नाही.

स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा धुलाईला वापरायचं असेल तर पहिल्या मारासाठी ते वापरा, शेवटचा हात ताज्या पाण्याचा. फिरून फिरून त्यात क्षार वाढतात, भाग गंजायला लागतात, टाकीत जंतू वाढून कुजका वास येतो. क्षार मोजायचं साधं मीटर जवळ ठेवा आणि ठरलेल्या आकड्यापलीकडे गेलं की थोडं पाणी बदला.

निघालेल्या घाणीचं काय

गोळा झालेलं तेल झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून. त्यात सॉल्व्हंट, पेंट किंवा कूलंट ओतू नका, नाहीतर ते तेल पुन्हा शुद्ध करणारे घेणार नाहीत. गाळ मात्र मुख्यतः पाणीच असतो. त्यात २ टक्के घन असतील आणि पाणी निथळून ते ४ टक्के झाले, तर आकारमान निम्मं होतं. म्हणून फेकण्याआधी निथळा : विणलेल्या पिशव्या, वाळूचा वाफा, मोठ्या कामाला फिल्टर प्रेस. तेलकट गाळ साध्या कचऱ्यात जात नाही. तुमच्या भागातल्या नियमांप्रमाणे तो परवानाधारकाकडे द्या आणि पावत्या जपा.

जीव जातो अशा जागा

बंद खड्ड्यात, गाळाच्या हौदात कोणीही उतरायचं नाही. साफसफाई वरूनच, सक्शनने. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून उतरलेला माणूस परत येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. पेट्रोल, थिनर येत असेल तर हौदावर ठिणगी नको. आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. ब्लीच, सल्फाइड किंवा सायनाइड असलेल्या पाण्यात आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून प्लेटिंगचं (धातूचा मुलामा चढवतानाचं) पाणी या टाकीच्या जवळपासही येऊ देऊ नका.

नमुना देताना

प्रयोगशाळेला तेलाचा नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीतच द्या, प्लास्टिकला तेल चिकटतं. बाटली आधी त्याच पाण्याने विसळू नका, काठोकाठ भरून सांडूही देऊ नका. वरचं तेल सांडून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, थंड ठेवा. आणि चाचणीला ती अख्खी बाटली वापरली जाते, आतल्या भिंतींना चिकटलेलं तेलही सॉल्व्हंटने धुऊन घेतात. म्हणून एका बाटलीत दोन चाचण्या मागू नका. तेलाची बाटली वेगळी, गाळाची वेगळी, आणि दोन्हींवर धुलाई कुठली चालू होती ते लिहिलेलं.